पाच आठवड्यांचं बाळ रोज तिन्हीसांजेला रडत सुटतं. माझं दूध कमी पडतंय का?

तुम्ही लिहिलंय की बाळ दिवसभर छान असतं, अंगावर नीट पितं, पण सहा वाजले की तोंड लालबुंद करून, पाय पोटाशी घेऊन दोन-तीन तास रडतं. आणि घरचे म्हणतात, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर.

कृपा करून एवढ्यावरून वरचं सुरू करू नका. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून कळत नाही, लंगोटांवरून कळतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. फोंड्यात माझ्या दोन्ही बाळंतपणांत हेच बोलणं मीही ऐकलं आहे. थकलेल्या बाईला ते किती लागतं ते मला ठाऊक आहे.

तुम्ही सांगता त्यावरून हे कॉलिक, म्हणजे एरवी निरोगी असलेल्या बाळाचं तासन् तास रडणं, वाटतं, तरी एकदा बालरोगतज्ज्ञांकडून बाळाला तपासून घ्या. साधारण पाचांतल्या एका बाळाला हा त्रास होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, सहाव्याच्या सुमारास सगळ्यात वाढतो आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. म्हणजे तुम्ही आता चढणीच्या माथ्याजवळ आहात. नेमकं कारण डॉक्टरांनाही पुरतं सापडलेलं नाही. पोट टम्म होतं म्हणून आपण गॅसला दोष देतो, पण पुष्कळदा बाळ रडताना हवा गिळतं आणि मग पोट फुगतं.

सासूबाईंचं ओव्याचं पाणी, वेखंड उगाळून घुटी, मध, यांतलं काहीही तोंडात घालू नका. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नको, त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू द्या, आजीच्या जिवाला बरं वाटतं. मात्र मिरच्यांचा किंवा धुपाचा धूर बाळाच्या खोलीत नको. पोटदुखीचे थेंब फार्मसीतून आपल्या मनाने आणू नका. डायसायक्लोमिन असलेलं औषध सहा महिन्यांखालच्या बाळाला द्यायचंच नसतं, त्याने श्वासाचा त्रास झालेला आहे. गॅसच्या थेंबांतल्या सिमेथिकोनने अपाय होत नाही, पण कॉलिकला त्याचा उपयोगही दिसलेला नाही.

तुम्हीही नुसत्या पेजेवर राहू नका. हुमण (माशांची आमटी)-भात, डाळ, भाजी पोटभर जेवा. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा अंगावर एक्झिमा (खाजरे, कोरडे चट्टे) असेल, तर गाईच्या दुधाच्या अ‍ॅलर्जीचं डॉक्टरांना विचारा. त्यांनी सांगितल्याशिवाय जेवणातलं काही तोडू नका.

करायचं काय? पाजल्यावर उभं धरून ढेकर काढा. हाताच्या पुढच्या भागावर पालथं घेऊन, डोकं कोपराशी सांभाळून ओसरीवर फिरा. दिवे मंद करा, पंख्याचा एकसुरी आवाज चालू द्या, पाहुण्यांना सकाळी बोलवा. कोमट पाण्याची आंघोळ संध्याकाळी घालून बघा. आपल्याकडच्या उकाड्यात जाड दुपटं नको, पातळ सुती पुरे. जे आज चाललं ते उद्या चालेलच असं नाही, त्यात तुमचं काही चुकत नसतं. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

आणि ज्या क्षणी आता सहन होत नाही असं वाटेल, तेव्हा बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर बसा. रडण्याने बाळाला इजा होत नाही, पण रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला, बाळाच्या बाबांनासुद्धा, शांत वेळी सांगून ठेवा. संध्याकाळचा एक तास त्यांचा ठरवून टाका आणि त्या तासात तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा.

पुढच्या गोष्टी कॉलिकच्या नव्हेत: १००.४ अंश किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पिणं सोडणं, मलूल पडणं, टाळू फुगणं, जांघेत कडक गाठ, किंवा एरवीपेक्षा अगदी वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं. पायाच्या बोटाला केस गुंडाळला गेला नाही ना, तेही बघा. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्या.