विद्यार्थ्यांच्या शहरी शेती-प्रकल्पांनी गरीब वस्त्यांचे खरोखर भले होते का? आम्हाला असा प्रकल्प करायचा आहे, तर सुरुवात कशी करावी?

थोडे होते, आणि तेही विद्यार्थी वेळेवर बाजूला झाले तर.

इंदूरला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात आम्ही अकरा जणांनी एका वस्तीमागच्या पडीक जागेत वाफे केले होते. मेथीला कापणीपर्यंत पंचवीस-तीस दिवस लागतात. शिबिर संपले तेव्हा ती जेमतेम दोन पानांवर होती. छायाचित्रे मात्र सर्वांची निघाली. भाव चांगला येतो म्हणून मुख्य पीक टोमॅटोच हवे, असा आमच्या सरांचा आग्रह होता. वस्तीतल्या एक काकू, मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या, म्हणाल्या, "भाऊ, टमाट्याला रोज पाणी कोण घालील? पालक लावा, पोरं खातील तरी." सर हसले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

टोमॅटोची रोपे लावल्यापासून फळ हाती यायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे नेमकी मार्चमधली परीक्षा. त्यानंतर सगळे आपापल्या गावी गेले. माळव्याचा उन्हाळा, आणि सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे पाणी त्या वस्तीत एक दिवसाआड येणारे. रोपे जळणारच होती. जुलैत परतलो तेव्हा काकूंनी आमच्या वाफ्यांतली माती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून स्वतःच्या दारासमोर नेली होती, भाज्या धुतलेल्या पाण्यावर पालक वाढवला होता आणि शेजारच्या दोन घरांनाही गोण्या लावून दिल्या होत्या. वार्षिक अहवालात तो पालक आमच्या प्रकल्पाचे यश म्हणून नोंदवला गेला. अहवाल मीच लिहिला होता.

खताची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी आहे. १९२४ मध्ये इंदूरला स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वेळोवेळी उलथून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. सरांनी शिबिरात यावर तासभर व्याख्यान दिले आणि खताची पोती मात्र दुकानातून मागवली. काकूंनी जवळच्या तबेल्यातले शेण आणि घरातली देठे, साली एकत्र कुजवून जे केले, ते या पद्धतीच्या बरेच जवळचे होते, जरी तिचे नाव त्यांनी कधी ऐकले नसावे. आता शहरातला ओला कचरा रोज सकाळी गाडीत जातो. आपल्या प्रकल्पाला त्यातला थोडा वस्तीतच ठेवता आला, तर निम्मे काम झाले म्हणायचे.

आपण विचारले आहे की सुरुवात कशी करावी. पीक, जागा आणि पाण्याची वेळ वस्तीतल्या बायकांना ठरवू द्यावी, बियाणे आणि गोण्या आपण आणाव्यात, आणि परीक्षेच्या दोन महिने आधी सगळे त्यांच्या हाती सोपवून मोकळे व्हावे. यातून कोणाचे उत्पन्न वाढेल असे सांगू नका, कारण चार-सहा गोण्यांतून आठवड्याची एक-दोन वेळची पालेभाजी निघते, विकण्याइतकी नाही. सरांशी माझा वाद इथेच होता. ते विक्रीचा हिशेब मांडत आणि मी ताटाचा.

हो, नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी कदापि घेऊ नका, कारण सांडपाण्यातले जड धातू पानांत उतरतात. पत्र्याच्या छपरावर ओल्या मातीचा भारही टाकू नका. आणि जागा सरकारी असेल तर वाफे जमिनीत न करता गोण्यांतच करा, म्हणजे उद्या उठवले तरी भाजी बरोबर नेता येते.

सरांच्या वाचनात हे आले, तर त्यांना एवढेच कळवायचे आहे की तो पालक आमचा नव्हता.