गांधीबागेतला अनुभव कंपनीच्या सीव्हीत कसा मांडायचा

ताई, तुमचा प्रश्न आणि नाव-नंबर झाकून टाकलेला सीव्ही, दोन्ही नीट वाचले. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात तीन वर्षं अकाउंट्स, बुटीबोरी-हिंगणा-मिहान हे कारखान्या-कंपन्यांचे भाग धरून चाळीसेक अर्ज, आणि फोन एकही नाही. इंग्रजी कमी पडतंय का, एखादं चांगलं टेम्पलेट आहे का, असं तुम्ही विचारून राहिल्या. मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात सोळा वर्षांपासून अकाउंट्सला आहे. आमच्या विभागात जागा निघाली की आलेले सीव्ही आधी माझ्याकडे येतात. इंग्रजी तुमचं पुरेसं आहे, टेम्पलेटचंही बघता येईल. अडचण ही आहे की तुम्ही केलेलं काम त्या दोन पानांत कुठे दिसतच नाही.

तीन वर्षांच्या नोकरीला तुम्ही एक ओळ दिली आहे: ‘अकाउंट्सचे सर्व काम पाहिले.’ त्याखाली मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की. हे शब्द खरेच असतील, पण ते प्रत्येक सीव्हीत असतात, त्यामुळे नजर त्यावर थांबत नाही. आणि इथे प्रश्न विचारताना मात्र तुम्ही सहज लिहून गेलात: सकाळी बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) आल्या की गठाणी, म्हणजे कापडाचे गठ्ठे, मोजून बिलाशी मिळवते, दुपारी पार्ट्यांना उधारीचे फोन करते, महिना संपला की सीएच्या ऑफिसला जीएसटीचे आकडे काढून देते. हे वाचताना मला वाटलं, ही बाई आमच्याकडे का नाही? हीच तीन वाक्यं सीव्हीत असती तर मी फोन केला असता.

कारण ही सगळी कामं कंपनीतही होतात, फक्त नावं वेगळी. पार्ट्यांकडची उधारी वसूल करणं म्हणजे अकाउंट्स रिसीव्हेबल. व्यापाऱ्यांची खरेदी बिलं चढवून त्यांचं पेमेंट काढणं म्हणजे अकाउंट्स पेएबल. पार्टीचा खाते-उतारा मागवून आपल्या खात्याशी फरक शोधणं म्हणजे लेजर रिकन्सिलिएशन, आणि बँकेचं स्टेटमेंट मिळवणं म्हणजे बँक रिकन्सिलिएशन. नोकरीच्या पोर्टलवर भरती करणारी माणसं याच शब्दांनी शोध घेतात. शब्द नसेल तर तुमचा सीव्ही त्यांच्या यादीत वरच येत नाही, मग तुम्ही ते काम रोज का करत असेना. अर्ज करण्याआधी त्या जागेची जाहिरात सावकाश वाचा, त्यातली कोणती कामं तुम्ही दुकानात करता ते ओळखा, आणि जाहिरातीतलाच शब्द वापरा.

इथे एक सांभाळायचं. कंपनीत खरेदी ऑर्डर, माल आल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल या तिघांचा मेळ घालतात, त्याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. तुमचं बिल्टी-गठाण-बिल मिळवणं त्याच्या अगदी जवळचं आहे. पण तुमचे शेठजी फोनवर माल मागवत असतील आणि लेखी ऑर्डर नसेल, तर तो शब्द उचलू नका. ‘खरेदी बिलांची बिल्टी व प्रत्यक्ष मालाशी पडताळणी’ एवढं साध्या इंग्रजीत लिहा. वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

आता आकडे. महिन्याला विक्रीची बिलं किती? खरेदीची किती? उधारीच्या पार्ट्या किती, आणि त्या कुठल्या? समजा वर्धा, यवतमाळ, भंडारा, छिंदवाडा मिळून सव्वाशे पार्ट्या आहेत, तर ते लिहा. छिंदवाडा मध्य प्रदेशात, म्हणजे आयजीएसटीची (परराज्यातल्या विक्रीवरच्या जीएसटीची) बिलं आणि ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) तुम्ही काढत असणार. मग तेही लिहा. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर नुसतं ‘येतं’ असं न लिहिता टॅलीप्राइममध्ये काय काय करता ते लिहा: विक्री, खरेदी, पावत्या, स्टॉक, महिनाअखेरचे रिपोर्ट. आकडे दुकानाच्या वह्यांतून खरे काढा, अंदाजे असेल तर ‘सुमारे’ म्हणा. दुकानाची उलाढाल मात्र लिहू नका, ती शेठजींची गोष्ट आहे.

जीएसटीच्या ओळीवर जरा जास्त मेहनत घ्या, कारण माझ्यासारखा वाचणारा तिथेच थांबतो. ‘जीएसटीचे ज्ञान’ यातून काहीच कळत नाही. तुम्ही आकडे काढून देता आणि रिटर्न सीए भरतात, तर तसंच सांगा: दर महिन्याला ११ तारखेच्या जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) साठी आणि २० तारखेच्या ३बी (कर भरण्याचं रिटर्न) साठी आकडे तयार केले. दुकान तिमाही रिटर्न भरत असेल, ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला ती सोय आहे, तर तिमाही लिहा. आणि २बीशी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी, खरेदी जुळवत असाल तर ते सगळ्यात वर घ्या. २०२२ पासून २बीत न दिसणाऱ्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घेता येत नाही, म्हणजे पुरवठादाराने बिल दाखवलं नाही की आपले पैसे अडकतात. त्याच्या मागे लागून बिल अपलोड करून घेणारं माणूस प्रत्येक अकाउंट्स खात्याला हवं असतं.

जे लिहाल त्यावर मुलाखतीत प्रश्न येणार. मी स्वतः विचारतो, २बीत बिल दिसलं नाही तर काय करता? ज्याने केलंय तो पुरवठादाराला फोन लावण्यापासून सुरुवात करतो, ज्याने नुसतं लिहिलंय तो व्याख्या सांगतो. सॅप या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर कधी बसला नसाल तर सॅप लिहू नका. तारखाही जशाच्या तशा ठेवा. पीएफ कापला जात असेल तर लागल्याची आणि सोडल्याची तारीख यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरावर) दिसते. छोट्या दुकानात बहुधा पीएफ नसतो, पगारही रोख मिळतो, म्हणून दुकानाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अनुभवाचं पत्र आत्ताच मागून ठेवा. संबंध चांगले आहेत तोवर शेठजी आनंदाने देतील.

पहिल्या अर्ध्या पानावर वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, उंचीसुद्धा आहे. हा लग्नाच्या बायोडाटाचा साचा आहे, तो सगळा काढा. आधार नंबरही काढा, असा कागद कुठे कुठे फिरतो ते आपल्या हातात राहत नाही. नाव, मोबाइल, ईमेल, राहता भाग, बस. शेवटच्या प्रतिज्ञेत ‘ठिकाण: अमरावती’ आहे आणि तुम्ही नागपुरात महाल भागात राहता, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या फाइलवर तुमची माहिती चढवली गेली. ती प्रतिज्ञा पूर्ण गेली तरी चालतं. बी.कॉम. विद्यापीठ आणि वर्षासकट एका ओळीत, एमएस-सीआयटी त्याखाली, दहावी-बारावीचे टक्के शेवटी. नोकरी वर, शिक्षण खाली, सगळं मिळून एक पान पुरे.

टेम्पलेट साधं घ्या. दोन रकाने, चौकटी, टक्क्यांच्या रंगीत पट्ट्या नकोत, त्यातला मजकूर पोर्टलची यंत्रणा कधी कधी उलटसुलट वाचते. तुमची पीडीएफ तर कागदाचा फोटो काढून केलेली दिसते, त्यातली अक्षरं यंत्राला चित्रासारखी दिसतात. वर्डमधून थेट पीडीएफ करा, मोबाइलवर उघडा, मजकूर निवडून नोट्समध्ये चिकटवा. क्रमाने वाचता आला तर ठीक. फाइलला नाव द्या तुमचं आणि पदाचं, ‘न्यू सीव्ही फायनल २’ असलं नको.

बुटीबोरीसाठी अर्ज करताना एक ओळ जोडा की रोज येण्या-जाण्याची तयारी आहे. मेट्रो खापरीपर्यंत येते, पुढचं अंतर आमच्या एचआरच्या मनात असतंच, आणि महालचा पत्ता बघून ते उगाच शंका काढतात. हिंगण्यासाठी ही अडचण कमी, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आहे.

आणि मोबाइल नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून तपासा. मागे एक मुलगा मला फार आवडला होता, बँक रिकन्सिलिएशनचं काम त्याने इतकं नेमकं मांडलं होतं. सीव्हीवरचा नंबर बंद, ईमेललाही उत्तर नाही. आठवडाभर थांबलो, मग जागा दुसऱ्याला दिली. त्याला कधी कळलंही नसेल.

टेम्पलेट नंतर. आधी एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहा, कालच्या दिवशी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत काय काय केलंत, आणि महिनाअखेरीला वेगळं काय असतं. मग त्यातल्या सहा ओळी निवडून इथे टाका. इंग्रजी शब्द आपण मिळून बसवू, मी रोज रात्री नऊनंतर इथे असतो.