आधी ओझं लिही, मग गाणं

चि. …स अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. कॅनडातल्या माँट्रियलहून निघणारे फर व्यापारातले नावाडी, व्हॉयाजर, तू मायेने रंगवले आहेस. पण पहिली चार पानं गाण्यांतच गेली. गाणी खरी आहेतच. पहाटेच्या अंधारात नाव लोटल्यापासून सगळ्यांची वल्ही एका तालात पडावीत, यासाठी ती लागत. तू मात्र सुरुवात जमिनीवरून कर.

खळाळ आला की नाव रिकामी करायची आणि सगळा माल पुढच्या पाण्यापर्यंत अंगावरून वाहायचा. एक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे जवळपास ४१ किलो. रीत एका खेपेला दोन गठ्ठ्यांची. चामड्याचा पट्टा कपाळावर, ओझं पाठीवर आणि दुडक्या चालीने पुढे. खेप टाकली की उरलेल्या मालासाठी परत मागे. लेक सुपीरिअरच्या काठची ग्रँड पोर्टेजची वाट तर साडेआठ मैलांची! पोटात वाळलेला मका किंवा वाटाणे आणि चरबी. अंतर्गळाने माणसं जात, बुडून जात. खळाळांच्या काठी त्यांच्यासाठी लाकडी क्रूस उभे राहत. तुझ्या मसुद्यात ते क्रूस एका ओळीत उरकले, याचं मला फार वाईट वाटलं.

नावेबद्दलही लिही. भूर्जाची साल, स्प्रूस झाडाच्या मुळांची शिवण, सांध्यांना राळ: ही विद्या अनिशिनाबे आणि इतर मूलनिवासींची. तिच्याशिवाय हा व्यापार चाललाच नसता.

आणि १७९४चा संप कुठे आहे? रेनी लेकला नॉर्थ वेस्ट या फर कंपनीच्या नावाड्यांनी जास्त पगार मागून काम अडवलं. कंपनीने काही म्होरक्यांना माँट्रियलला परत धाडलं आणि बाकीचे मुकाट्याने वल्ह्यांवर बसले. हे आपल्याला कळतं तेही कंपनीच्या माणसाच्या रोजनिशीतून. नावाड्यांपैकी बहुतेकांना सहीसुद्धा येत नव्हती, म्हणून साहेबांनी त्यांना 'आनंदी' म्हटलं की तू लगेच मान डोलवू नकोस.

करारनामे बघ. माँट्रियलच्या नोटरींपुढे १७१४ ते १८३० या काळात झालेले ३५ हजारांहून अधिक करार सेंट बोनिफेसच्या अभिलेखागाराने सूचीबद्ध केले आहेत. कोण कुठल्या गावचा, नावेत पुढे बसणार, मागे की मध्ये, पगार किती, हे त्यांत सापडतं. पुढच्या आणि मागच्या माणसाला मधल्यांपेक्षा जास्त मिळे. ती तफावत मांड. आधी एकट्या सोरेल गावचे करार वेगळे काढ आणि तक्ता मला पाठव. फ्रेंच अडली तर फोन कर, आपण सोबत बसून वाचू.

तुझे,
सर