लहान कारखान्यातील बैठक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रभाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. दोन पाळ्यांत मिळून पंचवीस माणसे काम करतात व साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. दर सोमवारी सकाळी दहा वाजता मी उत्पादन, गुणवत्ता, स्टोअर, खरेदी, हिशेब अशा सर्व विभागांच्या मिळून नऊ जणांची बैठक घेतो. ती दोन तास चालते, बहुतेक वेळ मलाच बोलावे लागते आणि पुढच्या सोमवारी तेच विषय पुन्हा समोर येतात. ही बैठक बंद करावी काय?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : बैठक बंद करू नये, मात्र आज तिच्यात जे चालते, त्यातील निम्म्याहून अधिक गोष्टी बैठकीबाहेर काढाव्यात. नऊ माणसे दोन तास बसली की आठवड्याला अठरा मनुष्यतास खर्ची पडतात, आणि त्यातील सुपरवायझरचे दोन तास तर ऐन पाळीतले असतात. किती माल गेला, किती ऑर्डरी बाकी आहेत, कोणते यंत्र बंद आहे, ही माहिती कारखान्यातल्या फळ्यावर रोज लिहिली गेली तर ती वाचून दाखवण्यासाठी कोणालाही खुर्चीत बसवावे लागणार नाही. ज्या विषयात दोन विभागांचे एकमेकांवाचून अडले आहे आणि निर्णय घ्यायचा राहिला आहे, तेवढेच विषय बैठकीसाठी ठेवावेत.

वाराचाही विचार करावा. गुरुवारी सुट्टी असल्यामुळे आपला आठवडा शुक्रवारी सुरू होतो. सोमवारी घेतलेल्या निर्णयावर काम करायला सुट्टीपूर्वी जेमतेम दोन दिवस उरतात, म्हणून बैठक शुक्रवारी घ्यावी. पहिल्या पाळीचा शेवटचा अर्धा तास त्यासाठी ठेवल्यास दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर थोडा लवकर येऊन हजर राहू शकतो. आजच्या आपल्या वेळेत त्याला निरोपच तेवढा मिळत असणार. शिवाय पाळी सुटल्यावर घरी जाण्याची घाई ज्याला त्याला असतेच, त्यामुळे बैठक लांबत नाही.

विषयपत्रिका आदल्या कामाच्या दिवशी, म्हणजे बुधवारी, सर्वांच्या हाती असावी आणि तिच्यातील प्रत्येक विषय प्रश्नाच्या स्वरूपात लिहावा. ‘रिजेक्शनबाबत (नापास झालेल्या मालाबाबत) चर्चा’ असे लिहिले की प्रत्येक जण आपली बाजू सावरण्याच्या तयारीने येतो. त्याऐवजी ‘बुशच्या (नळीसारख्या यंत्रभागाच्या) आतील व्यासाची तपासणी दर तासाला करायची की दर पन्नास नगांमागे, आणि गेज (माप तपासण्याचे साधन) कोणाकडे राहील?’ असे लिहिले तर गुणवत्ता विभागाचा माणूस मागील आठवड्याच्या नोंदी घेऊन येतो, आणि वीस मिनिटे चालणारा वाद पाच मिनिटांत मिटण्याची शक्यता निर्माण होते.

आता जरा अवघड गोष्ट. लोक गप्प बसतात याचे कारण बहुधा आपणच प्रथम बोलता हे असावे. मालकाने आपले मत सांगून टाकल्यावर ‘साहेबांनी ठरवलेच आहे’ असे मानून मान डोलावणे हाच शहाणपणा ठरतो, आणि न पटलेले काम मग आठवडाभर रेंगाळते. ज्याच्या हातून ते काम होणार आहे त्याला आधी बोलू द्यावे आणि आपण शेवटी बोलावे. मध्ये शांतता पसरली तरी ती भरून काढण्याची घाई करू नये.

विषय पुन्हा पुन्हा येण्याचे दुसरे कारण नोंदीत असते. ‘प्लेटिंगचा (धातूचा मुलामा देण्यासाठी पाठवलेला) माल लवकर आणणे’ ही नोंद नव्हे, ती इच्छा झाली. ‘प्लेटिंगचा माल मंगळवारी सायंकाळी पाचपर्यंत स्टोअरने आणायचा, अडचण असल्यास सोमवारी दुपारीच उत्पादन विभागाला कळवायचे’ अशी ओळ बैठकीतच लिहून, वाचून दाखवून, उठण्यापूर्वी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावी. पुढच्या शुक्रवारची सुरुवात याच ओळींपासून करावी.

हिशेबाच्या माणसाला मात्र या बैठकीतून मोकळे करावे. जीएसटीची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या तपशिलाची) मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची (कराच्या गोषवाऱ्याची) २० तारखेला येते. त्या दिवसांत त्याला प्लेटिंगच्या गोष्टी ऐकवण्यात अर्थ नाही. थकीत येण्यांसाठी महिन्यातून एकदा त्याच्याशी वेगळे बसावे. आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार खरेदीदाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. कोणती बिले त्या मुदतीजवळ आली आहेत आणि फोन कोण करणार, एवढेच तेथे ठरवावे.

प्रश्न : कोथरूडमध्ये आम्हा पती-पत्नीची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असून आम्ही दोघेच संचालक आहोत. रोज सोबतच असताना संचालक मंडळाची बैठक वेगळी घ्यावी लागते काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : होय. जेवताना झालेले बोलणे कायद्याच्या हिशेबी धरले जात नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७३ नुसार एरवी वर्षाला किमान चार बैठका लागतात; कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या ‘लहान कंपनी’ला दर सहामाहीत एक बैठक पुरते, परंतु दोन बैठकांमध्ये किमान ९० दिवसांचे अंतर असावे लागते. या व्याख्येतील भांडवल व उलाढालीच्या मर्यादा वेळोवेळी बदलत आल्या आहेत, तेव्हा आपण तीत बसता का, हे कंपनी सचिवाकडून तपासून घ्यावे. बैठकीची लेखी सूचना सर्वसाधारणपणे किमान सात दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्तीसाठी (बैठक वैध ठरण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी) किमान दोन संचालक लागत असल्यामुळे दोघांनीही हजर राहणे आवश्यक आहे. एक जण बाहेरगावी असल्यास व्हिडिओद्वारे सहभागी होता येते. इतिवृत्त ३० दिवसांच्या आत नोंदवावे.