शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकले तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी एक लाख, असं चार लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी काढलं. आता बँक ५ लाख ४० हजार दाखवते. दहा वर्षांसाठी हप्ता ७,१३६ रुपये. पुण्यातली नोकरी गेली, दोन हप्ते थकलेत. बँकेचे फोन मुलाला नाही, मलाच येतात. चाराचे साडेपाच कसे झाले, आणि आता काय करावं?
— एक पालक, अहमदपूर

उत्तर : बँकेचा हिशेब बरोबर दिसतो. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, मग ३० आणि २०. असे १ लाख ४० हजार. हप्ते सुरू होताना ही रक्कम मुद्दलात मिळवतात आणि तिथून तिच्यावरही व्याज लागतं. मात्र कर्ज घेताना घराचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बँकेत दिला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी या काळाच्या व्याजावर केंद्राचं अनुदान असतं. खाते उतारा सुरुवातीपासूनचा मागा आणि ते जमा झालंय का, ओळ न् ओळ बघा. दाखला फाइलमध्येच पडून राहिला आणि मागणी पुढे गेलीच नाही, असंही होतं.

आता थकलेल्या हप्त्यांचं. मोजणी सगळ्यात जुन्या न भरलेल्या हप्त्याच्या तारखेपासून होते. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक (थकीत) कर्ज. जमतील तसे पैसे जमवून आधी तो जुना हप्ता पूर्ण भरा, म्हणजे मोजणी पुढच्या हप्त्यावर सरकते. एनपीए झाल्यावर ही सोय राहत नाही. सगळी थकबाकी एकदम भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. ऑटोपेच्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर प्रत्येक परतीचं शुल्क लागतं, तेही लक्षात ठेवा.

याच आठवड्यात शाखेत लेखी अर्ज द्या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, हप्त्याला सवलत देण्याची तरतूद आहे. कर्जाच्या मुदतीत ती दोन-तीनदा मिळू शकते. आपल्या बँकेने ही तरतूद कशी स्वीकारली आहे ते मंजुरीपत्रात पाहा. अर्जाला नोकरी सुटल्याचं पत्र आणि मुलाच्या पगार खात्याचा सहा महिन्यांचा उतारा जोडा. नुसतं 'सवलत द्यावी' लिहू नका, आकडा लिहा. तुमच्या कर्जावर महिन्याचं व्याज साधारण ४,५०० रुपये होतं. सहा महिने तेवढं भरू म्हणालात तर मुद्दल वाढत नाही. काहीच भरलं नाही तर सहा महिन्यांत २७ हजारांहून जास्त वाढतील. मुदत पंधरा वर्षं करून घेतली तर हप्ता ५,८०० च्या आसपास येतो, पण एकूण भरणा दीड लाखाहून जास्त वाढतो. दुसरा मार्ग नसेल तरच हे करा. पुनर्रचनेची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, राहू शकते, हेही विचारून घ्या.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. 'साहेबांना तोंडी सांगितलंय' याला बँकेत काडीची किंमत नाही, कारण साहेब बदलून जातात.

तुम्ही सहकर्जदार आहात, म्हणून तुम्हाला फोन करणं नियमबाह्य नाही. ही थकबाकी तुमच्या सिबिलवरही चढते. पण वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून अब्रू काढणं तर अजिबात चालत नाही. फोनची वेळ आणि नंबर लिहून ठेवा.

प्रश्न : मॅनेजर अर्जच घेत नाहीत.
— एक विद्यार्थिनी, माजलगाव

उत्तर : मग स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि एक प्रत जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना द्या. बँकेच्या तक्रार कक्षाकडे रीतसर तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येते.

प्रश्न : भावाच्या शिक्षणासाठी वडिलांची चार एकर जमीन गहाण आहे. सातबाऱ्यावर बोजा आहे, आता नोटीस आली. जमीन जाईल का? कर्जमाफीत हे बसतं का?
— एक शेतकरी, जिंतूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. २०१७ आणि २०१९ ची माफी शेतीच्या कर्जासाठी होती. पुढच्या माफीच्या भरवशावर शैक्षणिक कर्ज थकवू नका.

जमिनीबाबत : कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा बँकेचा अधिकार सरफेसी कायद्यातून येतो आणि शेतजमीन त्यातून कलम ३१ नुसार वगळलेली आहे. घर किंवा अकृषिक प्लॉटला हे संरक्षण नाही. नोटीस ६० दिवसांची सरफेसीची असेल तर 'ही कसवणुकीची शेती आहे' असा लेखी आक्षेप सातबारा आणि पीकपाहणीसह द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण कोर्टाची वाट बँकेला मोकळीच असते. त्यामुळे समन्स आलं तर ते घेण्याचं टाळू नका, तारखेला हजर राहा.

प्रश्न : लोकअदालतीत निम्म्यात मिटवावं का?
— एक वाचक, कळमनुरी

उत्तर : एकरकमी पैसे खरंच हाताशी असतील तरच. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. ठरलेली रक्कम तारखेला भरली नाही तर फसाल. किती रक्कम, कधीपर्यंत, उरलेली सोडली का आणि नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) कधी, हे चारही मुद्दे तडजोडीत लिहून घ्या. सिबिलवर मात्र 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' अशी नोंद येते. पुढे घरकर्ज काढायचं असेल तर ती आडवी येते.