नव्याने आलेल्यांची टीबी तपासणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे गाव गोठणगावच्या (ता. अर्जुनी मोरगाव) तिबेटी वसाहतीजवळ आहे. तिथे बाहेरून माणसे आली की आधी टीबी तपासा, असे काही जण म्हणतात. बरोबर आहे का?

उत्तर: तपासणी बरोबर, भीती चूक. तिबेटी असण्याने टीबी होत नाही. अपुरे खाणे, वसतिगृहात-मठात दाटीने झोपणे, यातून त्याचा धोका वाढतो. म्हणूनच धरमशालेच्या डेलेक रुग्णालयाने तिबेटी शाळा-मठांत जाऊन तपासण्या केल्या. जर्मनीत निर्वासितांच्या सामूहिक निवासात येणाऱ्यांचा छातीचा एक्स-रे काढतात. 15 वर्षांखालची मुले आणि गरोदर बायांना मात्र दुसऱ्या पद्धतीने तपासतात. पुढे उपचार मिळणार नसतील, तर असली तपासणी म्हणजे नुसती चौकशी. आणि तेलंगणात मिरची तोडायला जाऊन आलेले आपले लोक? तेही दाटीतच राहून येतात. दोन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम, बेडक्यात रक्त: आशाताईंनी दोघांनाही हेच विचारावे.

प्रश्न: एक्स-रे साफ आला. आता काळजी मिटली ना?

उत्तर: त्या दिवसापुरती. जंतू अंगात दबून राहू शकतो. अशा दहातल्या साधारण नऊ जणांना आजार कधीच होत नाही. ज्यांना होतो, त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन वर्षांत होतो. सहा महिन्यांनी खोकला धरला तर पुन्हा जा. उलट, एक्स-रेवर डाग दिसला म्हणजे टीबीच, असेही नाही. खोल खोकून काढलेला बेडका द्या, नुसती थुंकी नको. ट्रूनॅट या बेडका तपासणाऱ्या यंत्रावर काही तासांत निदान होते, रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळते.

प्रश्न: मिस्टरांना तेलंगणात खम्ममला टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. आता गावी परतलो, गोळ्या चारच दिवसांच्या उरल्या. घरात दोन लहान मुले आहेत.

उत्तर: ताई, उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. निक्षय क्रमांक (सरकारकडच्या टीबी नोंदणीचा क्रमांक) असलेला कागद न्या. हरवला असेल तरी जा. निक्षयच्या नोंदीवरून उपचार इकडे वर्ग होतात, नव्याने सुरुवात करावी लागत नाही. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि नेमके तिथेच माणूस गोळ्या सोडतो. असे अर्धवट सोडल्याने जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मिस्टरांना सोडू देऊ नका. दोन्ही मुलांना सोबत न्या. त्यांना आजार नाही हे पाहून प्रतिबंधक औषध देतात. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात, तेही विचारा.

प्रश्न: मी तिबेटी आहे. टीबी निघाला तर औषध मिळेल का? की वेगळे ठेवतील?

उत्तर: मिळेल, सरकारी दवाखान्यात मोफत. योग्य औषध लागू पडले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. तोवर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यातून पसरत नाही.