स्टिलॉर्गनचा क्लब आणि आपली मुलं

डब्लिनच्या दक्षिण भागात, स्टिलॉर्गनजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी दहा वर्षांची. वर्गातली बरीच मुलं किलमॅकड क्रोक्स या गेलिक खेळांच्या, म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या आयरिश खेळांच्या, क्लबात जातात, आणि आता यांच्याही मुलांनी हट्ट धरला आहे. वडिलांना वाटतं, मुलाने क्रिकेट खेळावं. आजींनी फोनवर हर्लिंगची, म्हणजे काठीने चेंडू मारायच्या खेळाची, एक चित्रफीत पाहिली आणि त्या घाबरून गेल्या आहेत. ताईंच्या मनातला खरा प्रश्न मात्र पत्राच्या शेवटी आला आहे: तिथे सगळे एकमेकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ओळखीचे, त्यांच्यात आपण उपरेच राहणार ना?

ताई, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर या क्लबच्या इतिहासात आहे.

किलमॅकड क्रोक्स हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्लब नाहीच. गेलिक खेळांची मूळ संघटना, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्ल्स गावात, हेज हॉटेलात स्थापन झाली. तुमच्या शेजारचा हा क्लब १९५९ चा. डब्लिन तेव्हा दक्षिणेकडे पसरत होतं, शेतांच्या जागी घरांच्या ओळी उभ्या राहत होत्या, आणि अशा नव्या उपनगरांत गावाकडून, दुसऱ्या काउंट्यांतून (म्हणजे जिल्ह्यांतून) नोकरीसाठी आलेली माणसं पुष्कळ होती. त्यांचे जुने क्लब गावी राहिले होते. मुलांना खेळायला नवा हवा होता, म्हणून त्यांनी तो उभा केला. सुरुवात हर्लिंगपासून झाली. १९६६ मध्ये क्रोक्स नावाच्या हर्लिंग क्लबशी विलीनीकरण झालं आणि आजचं जोडनाव पडलं. क्रोक म्हणजे कॅशेलचे आर्चबिशप थॉमस क्रोक, जीएएच्या पहिल्या आश्रयदात्यांपैकी एक. डब्लिनमधल्या ८२,३०० प्रेक्षकांच्या क्रोक पार्क या मैदानालाही त्यांचंच नाव आहे.

म्हणजे आज ज्यांना तुम्ही मूळचे समजता, त्यांतल्या अनेकांचे आजी-आजोबा स्वतः इथे नवखे होते. ते आयरिश होते आणि तुम्ही भारतीय, हा फरक मोठा आहे, तो मी लपवत नाही. पण नव्या वसाहतीत येऊन आपल्या मुलांसाठी काहीतरी उभं करायचं, ही या क्लबची मूळ प्रेरणा आहे आणि ती तुमच्या ओळखीची आहे.

कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या क्लबांचा स्वभाव चटकन कळेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम उतरते तेव्हा मैदानावर अकरा जण असतात, पण खेळत असते ती अख्खी पेठ. जीएएचा क्लब तसाच एका परिसराचा असतो. खेळाडूंना पगार नसतो. काउंटीकडून खेळणारा, टीव्हीवर दिसणारा खेळाडूही सोमवारी आपल्या नोकरीवर किंवा कॉलेजात जातो आणि आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी तुमच्याच मुलाच्या वयाच्या पोरांना शिकवताना दिसू शकतो. डब्लिनच्या काउंटी संघाने २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉल अजिंक्यपद जिंकलं (पुढेही फुटबॉल म्हणजे हेच). त्या काळातल्या संघांतले पॉल मॅनियन, किअन ओसलिव्हन आणि रोरी ओकॅरल हे याच क्लबचे.

क्लबची स्वतःची कमाईही मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याआधी धावफलक वाचायला शिका, नाहीतर पहिल्याच सामन्यात गोंधळ उडेल. जाळ्यात चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. आडव्या दांडीवरून, दोन उभ्या खांबांच्या मधून गेला तर एक गुण. गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, म्हणून १-११ म्हणजे एक गोल आणि अकरा गुण, एकूण चौदा. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले आहेत.

हर्लिंगमधलं डब्लिनचं वरिष्ठ अजिंक्यपद क्लबने १९७४ मध्ये जिंकलं. फुटबॉलचं पहिलं यायला १९९२ उजाडलं, पण मग वेळ लागला नाही. १९९५ च्या सेंट पॅट्रिक्स डेला त्यांनी डेरी काउंटीतल्या बेलाहीला ०-८ विरुद्ध ०-५ असं हरवून अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद मिळवलं. २००९ मध्ये त्याच सणाच्या दिवशी आर्माच्या बलाढ्य क्रॉसमॅग्लेन रेंजर्सवर १-९ विरुद्ध ०-७ असा विजय. १९७३ पासून क्लब सात-सात खेळाडूंच्या संघांची फुटबॉल स्पर्धाही भरवत आला आहे. अखिल आयर्लंड अंतिम सामन्याच्या आठवड्याच्या शेवटी देशभरातले क्लब त्यासाठी स्टिलॉर्गनला येत.

पण मला विचाराल, तर या क्लबची खरी गोष्ट २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांची आहे. मुलांना तीच सांगा. १२ फेब्रुवारी २०२२ ला क्रोक पार्कवर अंतिम सामना होता, समोर काउंटी डाउनमधलं किलकू हे छोटंसं गाव. क्रोक्स जिंकल्यात जमा होते. सामना जादा वेळेत गेला आणि अगदी शेवटी किलकूने गोल केला. २-८ विरुद्ध ०-१३, म्हणजे चौदा विरुद्ध तेरा. एका गुणाने गेलं. पुढच्या वर्षी, २२ जानेवारी २०२३ ला, तेच मैदान आणि डेरीचा ग्लेन हा क्लब. या वेळी १-११ विरुद्ध १-९ असे क्रोक्स जिंकले, पण शेवटच्या क्षणांत बदली खेळाडू उतरवताना त्यांचे नियमापेक्षा जास्त खेळाडू मैदानावर होते. तक्रार झाली, फेरसामन्याचा आदेश निघाला, अपिलं झाली, देशभर वाद पेटला. अखेर ग्लेनने तक्रार पुढे न नेण्याचं ठरवलं आणि चषक क्रोक्सकडे राहिला. त्यानंतरच्या मोसमात उपांत्य फेरीत ग्लेननेच क्रोक्सला हरवलं आणि पुढे जाऊन अजिंक्यपदही मिळवलं. हातातोंडाशी आलेला विजय जाणं, जिंकूनही समाधान अपुरं राहणं, आणि समोरच्याने उत्तर मैदानावर देणं, हे सगळं दोन वर्षांत. दहा वर्षांच्या मुलीशी यावर छान गप्पा होतील. नियमभंग झाला होता तर चषक ठेवावा का, हे तिलाच विचारा. डब्लिनमध्ये आजही यावर एकमत नाही.

२०२३ च्या त्या संघात गॉलवेचा मोठा खेळाडू शेन वॉल्शही होता. २०२२ मध्ये तो आपला गावाकडचा क्लब सोडून क्रोक्समध्ये आला तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली, कारण जन्मगावचा क्लब सोडणं इथे फार मनाला लागतं. तो डब्लिनमध्ये राहत होता, म्हणून बदली मिळाली. माझं मत असं, की टीका करणाऱ्यांची व्यथा खरी होती आणि नियमही योग्य होता. माणूस जिथे राहतो तिथल्या क्लबावर त्याचा हक्क असतो. तुमच्या मुलांचा तर कुठला जुना क्लबही नाही. त्यांचं गाव स्टिलॉर्गनच आहे.

उपरेपणाबद्दल आणखी थोडं. कॉर्कच्या हर्लिंग संघाने २००५ मध्ये अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा कर्णधार होता शॉन ओग ओ हॅल्पिन. त्याची आई फिजीच्या रोटुमा बेटाची, लहानपण ऑस्ट्रेलियात गेलं, आणि चषक स्वीकारताना त्याने भाषण केलं ते आयरिश भाषेत. झॅक मोरादी हा कुर्दी निर्वासित घरातला मुलगा, जन्म इराकचा. लेट्रिम काउंटीत येऊन हर्लिंग शिकला आणि २०१९ मध्ये काउंटीसोबत लॉरी मेहर चषक जिंकला. प्रत्येक मुलाचं असं होत नाही. कधी मैदानावर वंशावरून वाईट बोललं जातं, तेही खरं आहे. तसं झालं तर गप्प बसू नका. त्याच दिवशी प्रशिक्षकाला आणि क्लबच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला सांगा. प्रत्येक क्लबात असा अधिकारी असतो, आणि वंशभेदी बोलणं हा नियमांनुसार शिक्षेचा गुन्हा आहे.

धर्माचं म्हणाल, तर क्लबांना संतांची नावं असतात, परिसराची वाटणीही बऱ्याच ठिकाणी चर्चच्या पॅरिशनुसार झालेली आहे, आणि इतिहास राष्ट्रवादाचा आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कवर सामना चालू असताना गोळीबार केला, त्यात मायकेल होगन या खेळाडूसह १४ जण मेले. हे मुलांना माहीत असायला हवं, म्हणजे या खेळांवर लोकांचा एवढा जीव का, ते समजेल. पण क्लबात यायला कुठल्या धर्माची अट नाही. ३१ जुलै २०२० ला कोविडमुळे अंतर राखून ईदची नमाज त्याच क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली.

आता वडिलांचं क्रिकेट. १९७१ पर्यंत ही अडचण खरोखरच होती. क्रिकेट, रग्बी, सॉकर किंवा हॉकी खेळणाऱ्याला, अगदी बघायला जाणाऱ्यालाही, जीएएतून काढून टाकत. ती बंदी त्या वर्षी उठली. गंमत म्हणजे संघटनेचा संस्थापक मायकेल क्युसॅक स्वतः तरुणपणी क्रिकेट खेळलेला होता. आज दोन्ही खेळायला काही हरकत नाही, फक्त उन्हाळ्यात वेळा एकमेकींवर येतात. बारा वर्षांपर्यंत दोन्ही खेळू द्या, पुढे मुलगा स्वतः निवडेल. हर्लिंग आणि क्रिकेट दोन्हीत नजर आणि मनगट लागतं, त्यामुळे घरात बॅट धरलेल्या मुलाला हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, हीही लवकर जमू शकते.

आजींना सांगा, की हर्लिंगमध्ये २०१० पासून सगळ्या वयांना जाळी असलेलं हेल्मेट सक्तीचं आहे. फुटबॉलला दातांचं रक्षक लागतं. हेल्मेट मान्यताप्राप्तच घ्या आणि जाळीची एकही तार वाकवू किंवा काढू नका. मोठ्या भावंडाचं जुनं, सैल हेल्मेट चालवून घेऊ नका. हर्ली मात्र महागडी नको, आणि फार लांब तर मुळीच नको. मुलाला न्या, दुकानदाराला उंची मापू द्या.

मुलगीही सोबतच सुरू करू शकते. हर्लिंगचा मुलींचा खेळ म्हणजे कमोगी, त्याची संघटना १९०४ ची. महिला गेलिक फुटबॉलची १९७४ ची. त्या अजून जीएएहून वेगळ्या आहेत, म्हणून नोंदणी करताना वेगळं नाव दिसलं तर दचकू नका. दहाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर, असं तिला वाटेल. तसं नाही. बारा वर्षांपर्यंत गो गेम्स पद्धत असते. प्रत्येक मुलाला खेळायला मिळतं, गुणतक्ता नसतो, मुलाला बाकावर बसवून ठेवत नाहीत. फार संकोच वाटला तर आधी उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका आठवड्याच्या कूल कॅम्पला पाठवा. तिथे नवखी मुलं पुष्कळ असतात.

आपल्या घरांत अडचण येते ती सुट्टीची. जुलै-ऑगस्टमध्ये आपण भारतात, आणि तेव्हाच इथे सामने. प्रशिक्षकाला वसंतातच तारखा सांगून ठेवा. गणपतीतला एखादा शनिवार चुकला तरी तसंच. कोणी रागावत नाही, पण न कळवता गैरहजर राहिलेलं आवडत नाही, कारण पंधरा मुलांचा हिशेब एका स्वयंसेवकाने फावल्या वेळात केलेला असतो. आणि हो, या खेळामुळे कॉलेज प्रवेशाचे गुण वाढत नाहीत. त्या आशेने पाठवणार असाल तर दोन-तीन वर्षांत निराशा येईल, आणि ती मुलांना कळेल.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. वर्षाची फी भरली, मुलाला मैदानाच्या दाराशी सोडलं आणि गाडीत बसून ऑफिसचा फोन घेतला, असं करू नका. हा क्लास नाही. फीमध्ये शिकवणाऱ्याचा पगार नसतो, कारण शिकवणारा बहुधा दुसऱ्या कुणाचा तरी बाप किंवा आई असते. शंकू मांडायला, जर्सी गोळा करायला, चहाच्या टेबलाशी उभं राहायला माणूस लागतो, आणि त्या वीस मिनिटांत जी ओळख होते ती वर्षभर गाडीत बसून होत नाही. ज्या मराठी घरांना इथे उपरं वाटतं, त्यांतली बरीच अशी दाराशीच थांबलेली असतात, असं मला दिसतं. क्रोक्ससारख्या देशातल्या मोठ्या क्लबांपैकी एकात गर्दीत हरवून जाणंही सोपं आहे, म्हणून आपल्या मुलाच्या वयोगटाचा गटप्रमुख कोण आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

वडिलांनी मैदानावर मदत करायचं ठरवलं, तर त्यांना गार्डा (म्हणजे आयरिश पोलीस) तपासणी करून घ्यावी लागेल, बालसंरक्षणाचा छोटा अभ्यासवर्ग करावा लागेल आणि मग प्रशिक्षणाचा प्राथमिक वर्ग. खेळ येत नसला तरी चालतो. तपासणीच्या कागदपत्रांना काही आठवडे लागतात आणि आधीचे सगळे पत्ते विचारतात, भारतातलेसुद्धा. ते आत्ताच शोधून ठेवा.